अंगण, कुरण, टेकडी : अनुताईंच्या संस्थेची वाटचाल

नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मधली. म्हणजे संघाची शंभरी भरत आहे. या शंभर वर्षांचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण पत्त्याची येते. संघ जन्मला भावनगरला. मुंबईत त्याचे बिऱ्हाड पडले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. खेड्यातल्या कामाचा श्रीगणेशा बोर्डीच्या समुद्रकाठी झाला. आणि ज्या नावाने महाराष्ट्र या संस्थेला ओळखतो ते कोसबाड तर तीस वर्षांनी तिच्या आयुष्यात आले.

माणसांच्या बाबतीत अशी अडचण नाही. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या तिघांच्या हातून हे काम पुढे सरकत गेले. गिजुभाई १९३९ मध्ये गेले, ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये. गिजुभाईंनी दृष्टी दिली आणि ताराबाईंनी तिला संस्थेचा आकार दिला, हे सर्वज्ञात आहे. अनुताईंचा वाटा सांगताना मात्र आपण बहुधा त्याग, सेवा, निष्ठा या शब्दांवर थांबतो. ते शब्द खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. मुलाच्या सोयीने वेळ बदलणारी, जागा बदलणारी, साधने बदलणारी शाळा ही या संस्थेची खरी ओळख. ती कशी घडली हे समजून घ्यायचे तर अनुताईंचे स्वतःचे शिक्षण कसे झाले, तिथून सुरुवात करावी लागते. म्हणून या लेखाचा भर त्यांच्यावर आणि बोर्डी-कोसबाडच्या पर्वावर आहे. आधी थोडी पूर्वपीठिका.

भावनगर आणि दादर

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेर केळकरांचे. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाच्या चळवळीतले. घरात सुधारणेचे वारे होते, मुली शिकत होत्या. ताराबाई १९१४ मध्ये बी.ए. झाल्या, त्या काळात मराठी घरातल्या पदवीधर मुली बोटांवर मोजण्याइतक्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून गेल्या आणि तिथून १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. प्राचार्यपद सोडून बालवर्गात जाणे हे जगाच्या हिशेबाने पायरी उतरणे होते. त्यांनी तो हिशेब केला नाही.

गिजुभाईंनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. माँटेसरी पद्धत त्यांनी स्वीकारली आणि ती इथल्या मातीत रुजवायला घेतली: गाणी इथली, गोष्टी इथल्या, मुलाला मारायचे नाही, भीती घालायची नाही. छडी लागे छमछम हाच शिक्षणाचा मूलमंत्र मानणाऱ्या काळातली ही गोष्ट. संघ निघाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी १९३३ मध्ये सुरू केली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढले. तिथे मुले येत ती नोकरदार, मध्यमवर्गीय घरांतली. पालक सुशिक्षित, साधने बेताची का होईना पण मिळत होती, वर्ग भरत होते. काम नावारूपाला आले होते आणि त्याच वेळी ताराबाईंना एक प्रश्न टोचत होता. बालशिक्षण हे चांगल्या वस्तीतल्या मुलांचेच राहणार काय? माँटेसरीची लाकडी, घोटीव, महागडी साधने खेड्यातली शाळा कुठून आणणार? आणि साधने नाहीत म्हणून तिथल्या मुलाने वाट पाहायची काय?

तुकड्या-तुकड्याने शिकलेली शिक्षिका

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. १९२३-२४ च्या सुमारास ब्राह्मण कुटुंबातल्या बालविधवेपुढे काय वाढून ठेवलेले असे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाला तोवर पाव शतक उलटून गेले होते, विधवेने शिकून मास्तरीण व्हावे ही वाट तयार झाली होती; पण वाट असणे वेगळे आणि घरच्यांनी त्या वाटेला लावणे वेगळे. अनुताईंच्या माहेराने त्यांना शिकू दिले. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. त्या काळी ‘फायनल झालेला’ म्हणजे मास्तरकी, तलाठ्याची नोकरी करायला पात्र झालेला माणूस.

पुढे पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण, मग १९२९ पासून चार वर्षे नाशिक जिल्ह्यात चांदवड भागात प्राथमिक शाळेत नोकरी. १९३३ मध्ये त्या पुण्याला हुजूरपागेत आल्या. मुलींच्या शिक्षणात १८८४ पासून नाव असलेली ही शाळा. दिवसा तिथे शिकवायचे आणि रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. मॅट्रिक झाल्या. पदवी राहिली. ती त्यांनी मिळवली १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, कोसबाडचा सगळा व्याप सांभाळून.

या तारखा एका ओळीत वाचल्या की जिद्दीची कहाणी दिसते, आणि ती आहेच. पण शिक्षणाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ आणखी एक आहे. ताराबाईंचे शिक्षण सलग झाले. शाळा, कॉलेज, पदवी. अनुताईंचे शिक्षण कधीच सलग झाले नाही. मध्ये लग्न आले, वैधव्य आले, नोकरी आली. जेव्हा फट सापडली तेव्हा त्या शिकल्या, आणि शाळा रात्री भरणार असेल तर रात्री गेल्या. दिवसा काम असणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा निरुपयोगी असते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. गुरे राखणाऱ्या मुलांच्या शाळेत पुढे जे दिसले त्याचे बीज मला या रात्रशाळेत दिसते.

१९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठी शिबिर बोरिवलीला झाले. अनुताई तिथे गेल्या आणि तिथे त्यांची ताराबाईंशी भेट झाली. ताराबाई बोर्डीला जायच्या तयारीत होत्या आणि त्यांना सहकारी हवी होती. अनुताईंनी हुजूरपागेची कायम नोकरी सोडली. तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि अनुताई पस्तीस.

१९४५ चे बोर्डी

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, डहाणूच्या उत्तरेचे समुद्रकाठचे गाव. आज ते पालघर जिल्ह्यात येते. चिकूच्या वाड्या, पारशी बागायतदारांची घरे, सुरूची झाडे. गोखले एज्युकेशन सोसायटीमुळे शाळा लवकर आली आणि आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षक गावाला लाभला. स्वातंत्र्यचळवळ आणि रचनात्मक कामाचे ते एक ठाणेच होते. बाळासाहेब खेरांच्या आदिवासी सेवा मंडळाचे काम या पट्ट्यात चाललेले. ताराबाईंनी बोर्डी निवडले ते अशा माणसांच्या भरवशावर.

पण समुद्राकडे पाठ करून दोन-चार मैल आत गेले की निराळे जग होते. डोंगरउतारावर विखुरलेले वारल्यांचे पाडे, कुडाच्या झोपड्या, पावसाळ्यात भाताची आवणी, दिवाळीच्या आगेमागे गवताची कापणी, उन्हाळ्यात जंगलात कोळसा पाडण्याचे काम. जमीन सावकार-जमीनदारांची. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको वर्षानुवर्षे मालकाच्या घरी राबत. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. वेठबिगार ही रोजची गोष्ट होती.

१९४५ च्या मे महिन्यात याच भागात झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि यापुढे वेठ करणार नाही, असा निश्चय झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालचे ते वारली आंदोलन. ऑक्टोबरात गोळीबारही झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. संस्थेच्या इतिहासात हा योगायोग सहसा नोंदवला जात नाही, कारण एक काम लाल बावट्याचे आणि दुसरे गांधीविचाराच्या वळणाचे. तरी तो नोंदवायला हवा. आई-बाप वेठीला असताना मूल शाळेत येऊच शकत नाही. वेठ मोडल्याशिवाय शाळेला मूल मिळणार नव्हते. आणि वेठ मोडल्यावर त्या मोकळ्या झालेल्या मुलाचे पुढे काय, याचे उत्तर मोर्च्यापाशी नव्हते. एकाच भागात, त्याच माणसांसाठी, शहरातून आलेल्या शिकलेल्या बायका दोन टोकांनी काम करत होत्या. आज मागे वळून पाहताना ही दोन कामे एकमेकांना पूरक ठरली, असे म्हणायला हरकत नसावी.

अंगणवाडी आणि कुरणशाळा

बोर्डीत बालवाडी उघडली तेव्हा गावातल्या बऱ्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती हरिजनवाड्यातली आणि पाड्यांवरची मुले आली नाहीत. शिक्षणखात्याच्या भाषेत याला पालकांची अनास्था म्हणतात. ताराबाई-अनुताईंनी तो शब्द वापरला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, असे त्यांनी ठरवले आणि वाड्यातल्या एखाद्या घराचे अंगण वर्ग म्हणून घेतले. तीच अंगणवाडी.

अंगण निवडण्यात शहाणपण होते. अंगण हे मुलाचे ओळखीचे ठिकाण. तिथे यायला कपडे लागत नाहीत, धाडस लागत नाही. आई भाकरी थापता थापता बाहेर काय चालले आहे ते पाहू शकते. शिक्षिका काही पळवून नेत नाही, मारत नाही, देवधर्म बदलायला सांगत नाही, हे चार दिवसांत तिच्या ध्यानात येते. पाड्यावर अनोळखी पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली की मुले रानात पळत. सरकारी माणूस किंवा सावकाराचा माणूस यांच्याखेरीज कोणी बाहेरचे तिथे येतच नसे, तेव्हा पळणे साहजिक होते. मुलांच्या मागे न धावता अंगणात बसून गाणे म्हणत राहायचे, हाच उपाय होता.

पहिला धडा अक्षराचा नव्हता. नखे काढणे, केस विंचरणे, तोंड धुणे, खरजेला औषध लावणे, आंघोळ घालणे, हा तो धडा. हे काम शिक्षिकेने स्वतः करायचे. वारली मुलाच्या डोक्यातल्या उवा काढणारी पुण्याची ब्राह्मण बाई, हे दृश्य चाळीसच्या दशकात दोन्ही बाजूंना पचायला कठीण होते. संस्थेच्या इतिहासातली अस्पृश्यतानिवारणाची भाषणे शोधायला गेलात तर फारशी मिळणार नाहीत. ही नखे काढण्याची कामे मिळतील.

अंगणवाडीचा प्रश्न सुटला तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुरता. मोठी मुले तरीही येईनात, कारण ती गुरांमागे जात. सात-आठ वर्षांचा मुलगा म्हणजे मालकाचा गुराखी. त्याच्या कामाच्या मोबदल्यात घरात थोडे धान्य येई. त्याला दहा ते पाचच्या शाळेत बसवायचे म्हणजे ते धान्य बंद करायचे. तेव्हा शिक्षिकाच कुरणात गेल्या. गुरे चरायला लागली, उन्हे चढली की झाडाखाली वर्ग भरे. मोजायला गुरे, खडे आणि बिया. लिहायला भुई आणि काडी. एखादे ढोर शेतात शिरले तर धडा थांबवून त्याला हाकलून आणायचे आणि पुन्हा बसायचे. ही कुरणशाळा.

अंगणवाडी आणि कुरणशाळा या दोन्ही कल्पना ताराबाईंच्या नेतृत्वाखाली आकाराला आल्या. त्या रोज, पावसापाण्यात, वर्षानुवर्षे चालवून दाखवल्या त्या अनुताईंनी आणि त्यांच्या हाताखालच्या शिक्षिकांनी. ताराबाईंना मुंबईचीही कामे होती; १९४६ पासून काही वर्षे त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. गावात कायम असायच्या त्या अनुताई.

टेकडीवर

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राने बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर मुक्काम हलवला. बोर्डी हे बिगरआदिवासी वस्तीचे गाव. कोसबाड पाड्यांच्या मध्यावर. हे स्थलांतर म्हणजे अंगणवाडीच्याच विचाराची पुढची पायरी होती. आता वर्गच नव्हे, संस्थाच मुलांकडे गेली.

इथे ‘विकासवाडी’ची रचना झाली. तिचे मूळ एका साध्या निरीक्षणात होते. पाड्यावरच्या मुलीला शाळेत यायला कोण अडवते? तिच्या कडेवरचे भावंड. आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळणे हे आठ वर्षांच्या मुलीचे काम. तिला शाळेत बोलवायचे तर त्या भावंडाची सोय लावली पाहिजे. म्हणून एकाच आवारात तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याच्यापुढे बालवाडी आणि त्याला लागून प्राथमिक शाळा. ताई वर्गात, धाकटी बालवाडीत, तान्हे पाळण्यात. मुलींची गळती थांबावी म्हणून आज मोठमोठे अहवाल निघतात. त्यांतल्या शिफारशींत भावंडांच्या सांभाळाचा मुद्दा येतो तेव्हा कोसबाडची आठवण ज्याला त्याला यावी.

साधनांचा प्रश्नही टेकडीनेच सोडवला. माँटेसरीबाईंचे तत्त्व असे की मूल हाताने, कानाने, डोळ्याने शिकते. त्यासाठी हाताळायला वस्तू हव्यात. त्या परदेशी लाकडाच्याच हव्यात असे कुठे आहे? शिंपले लहानमोठे असतात, त्यांची उतरंड लावता येते. पानांचे आकार वेगवेगळे, त्यांची जुळणी होते. चिंचोके मोजायला, गुंजा ओवायला, बांबूच्या नळ्या वाजवायला, माती मळायला. पावसाळ्यात एक साधन, उन्हाळ्यात दुसरे. शिक्षिकेला एकच अट: आजूबाजूचे रान तिला मुलाइतके माहीत हवे. ते बहुधा नसायचे, तेव्हा मुलेच तिला शिकवत.

भाषेचेही तसेच. मूल वारली बोलीत विचार करते. पहिल्याच दिवशी त्याची बोली अशुद्ध ठरवली तर ते तोंड मिटते आणि पुढे वर्षभर उघडत नाही. म्हणून आधी त्याचे बोलणे ऐकायचे, त्याच्या गोष्टी सांगू द्यायच्या आणि पुस्तकी मराठीकडे हळूहळू न्यायचे. तारप्यावर रात्रभर नाचणाऱ्या पाड्यात ताल-ठेका शिकवण्याची गरज नव्हती. तो वर्गात येऊ देण्याची होती.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

ताराबाईंनंतर

संस्थापकाच्या मागे संस्था टिकवणे हे स्थापनेपेक्षा अवघड. नव्या गोष्टीचा उत्साह ओसरलेला असतो, अनुदानाचे कागद वाढलेले असतात आणि प्रत्येक निर्णयाची तुलना गेलेल्या माणसाशी होते. त्रेसष्टाव्या वर्षी अनुताईंकडे ही जबाबदारी आली. ज्या वयात शिक्षक निवृत्तीचा हिशेब करून मोकळे झालेले असतात, तिथून त्यांची आणखी एकोणीस वर्षे मोजायची आहेत.

या काळात तीन गोष्टींवर त्यांचा भर राहिला. पहिली, बालसेविकांचे प्रशिक्षण. बालवाडी चालवणारी बाई तयार करणे हेच खरे काम, अशी त्यांची धारणा होती. कोसबाडच्या मुली शिकून महाराष्ट्रभर गेल्या. दुसरी, लेखन. ‘बालवाडी कशी चालवावी?’ यासारखी हाती धरून शिकवणारी पुस्तके त्यांनी लिहिली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आणि ‘दाभोणच्या जंगलातून’ ही त्यांची अनुभवपर पुस्तके शिक्षणाच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकांनीही वाचली. ‘शिक्षणपत्रिके’चे कामही चालू होते. तिसरी गोष्ट स्त्रियांची. मुलाच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेले की आईचे प्रश्न दिसतातच: दारू, मारहाण, बाळंतपणे, मजुरी. स्त्रीजागृतीच्या कामात त्या पडल्या आणि ‘सावित्री’ हे नियतकालिक त्यातून निघाले. मूकबधिर मुलांसाठीही त्यांनी शाळा काढली. पाड्यावर ‘मुका’ म्हणून सोडून दिलेले मूल आजवर कुणाच्याच यादीत नव्हते.

मान मिळाले. पद्मश्री, जमनालाल बजाज पुरस्कार, शिक्षक म्हणून राष्ट्रीय गौरव. त्यांची यादी या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. तेव्हा तिच्यात जागा घालवत नाही.

कोसबाडला अनुताई या ‘ताई’ होत्या. संस्थेच्या कागदावर त्यांचे पद काहीही असो, व्यवहारात त्या घरातल्या थोरल्या बाईच्या जागी होत्या. हे केवळ प्रेमाने म्हणायचे म्हणून म्हणत नाही. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या बाईची कामे कोणती असतात ते आठवून पाहावे. कोठीत काय शिल्लक आहे ते तिला ठाऊक असते. कोण आजारी आहे, कोण रुसले आहे, कोणाच्या घरी पैशाची ओढ आहे हे तिला न सांगता कळते. पाहुणा मंत्री असो की गुराखी, पंगतीत कोणाला उपाशी उठू द्यायचे नसते. आणि तिला स्वतःचे असे निराळे घर नसते. अनुताईंना बोर्डी-कोसबाडखेरीज दुसरे घर उरले नव्हते. १९४६ मध्ये अंगणवाडीत आलेले चार वर्षांचे मूल १९९२ मध्ये पन्नाशीला आले होते. त्याची नातवंडे बालवाडीच्या वयाची झाली असतील. पोटची मुले नसलेल्या या बाईने एकेका घराच्या तीन पिढ्यांना हात धरून बसायला शिकवले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. तिथल्या माणसांनी त्यांना ताई म्हटले ते या कमाईवर.

कर्त्या बाईला कठोरही व्हावे लागते. गांधीविचारात मुरलेली साधी राहणी त्यांनी स्वतःला लावून घेतली होती आणि तीच शिस्त त्या आवाराचीही होती. पगार तुटपुंजे, सोयी बेताच्या. अशा ठिकाणी सगळ्यांनाच राहणे जमते असे नाही. ध्येयावर चालणाऱ्या संस्थांना पुढची पिढी मिळवताना जी दमछाक होते ती कोसबाडलाही चुकलेली नाही.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या. वय ब्याऐंशी.

अंगणवाडी देशाची झाली

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आरंभी प्रकल्प ३३ होते. तिच्या केंद्राला नाव दिले गेले ‘अंगणवाडी’. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत आया मुलांना अंगणवाडीत पाठवतात. डहाणू तालुक्याच्या एका कोपऱ्यात चालत आलेला शब्द असा देशभर पोचला, याचा अभिमान आपल्याला वाटणे योग्यच आहे.

मात्र नावाबरोबर सगळे गेले नाही. सरकारी योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढील उपचारासाठी पाठवणे, आईला पोषण-आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. सहावी सेवा बहुतेक ठिकाणी खरोखर सहाव्या क्रमांकावर राहिली. अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, अशी ओळख पडली. वजनाच्या नोंदी, रजिस्टरे, आता मोबाइलवरची माहिती यांत सेविकेचा दिवस जातो. आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. त्यासाठी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस संप करावे लागले. बालसेविका हा संस्थेचा कणा मानणाऱ्या अनुताईंचा वारसा सांगताना या बायकांची बाजू घेणे आपल्याला टाळता येणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हा वयोगट शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात आणला. ताराबाई आणि गिजुभाई जे सांगत होते ते कागदावर यायला शतक लागले.

शिल्लक आणि बाकी

शताब्दीच्या निमित्ताने जमेची बाजू मांडणे सोपे असते. नावे बाजूही मांडली पाहिजे. अनुताई गेल्या त्याच १९९२-९३ च्या काळात शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. कोसबाडहून ते अंतर फार नाही. चांगली बालवाडी मुलाला गाणे शिकवते, मोजायला शिकवते, बोलते करते. त्याच्या बापाला जमीन आणि वर्षभराचे काम ती देऊ शकत नाही. ही मर्यादा संस्थेची म्हणण्यापेक्षा शिक्षणाचीच आहे, पण ती मान्य केल्याने कामाची किंमत कमी होत नाही.

आजचे गुराखी कुठे आहेत? गुरे कमी झाली, कुरणे वाड्यांत आणि प्लॉटांत गेली. पण पालघर जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव गावातल्या शाळेच्या पटावर राहते आणि मूल भिवंडी-वसईकडच्या भट्टीवर विटा उलटत असते. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने या भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या तेव्हा कुरणशाळेचेच सूत्र पुन्हा सिद्ध झाले: कामावर गेलेल्या मुलाला परत बोलावत बसण्यापेक्षा कामाच्या जागी शिक्षक पाठवावा. दुसरीकडे, पट कमी म्हणून पाड्यांवरच्या छोट्या शाळा बंद करून मुलांना लांबच्या मोठ्या शाळेत न्यायची भाषा होते. ती या संस्थेच्या शंभर वर्षांच्या अनुभवाच्या थेट उलट आहे.

म्हणून संघाच्या दुसऱ्या शतकासाठी एक सूचना या इतिहासातूनच पुढे येते. कोसबाडच्या प्रशिक्षण वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीने हंगामाचे काही महिने भट्टीवर, मिठागरावर किंवा बांधकामाच्या जागी वर्ग चालवून दाखवावेत आणि त्यांच्या नोंदी संस्थेने छापाव्यात. खर्च फार नाही. चटई, खडे, बिया आणि गाणी म्हणणारी एक बाई. अशा नोंदींचे पुस्तक तयार झाले तर ‘बालवाडी कशी चालवावी?’च्या शेजारी ते ठेवता येईल, आणि ताईंच्या नावाने दिल्या जाणाऱ्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.